सुचवलं की खूण केली?

"साक्षीदार नक्की काय म्हणाला?" न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

प्रश्न सुन्निवाला होता. ती नॉर्वेतल्या या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. दुभाषी मिळेना म्हणून कोर्टाने तिला बोलावलं होतं. आरोपी कप्तान एइविंद आपला शेजारी आहे, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. पण एवढ्याशा बंदरात त्याच्या ओळखीचा नसलेला माणूस आणायचा कुठून?

साक्षीला उभा होता घानाचा खलाशी एबो. बोटीवर जाळं ओढायचं यंत्र त्याने सुरू केलं आणि दोरात अडकून त्याचा सोबती खलाशी यूस्ताइन जागच्या जागी गेला. एबो इंग्रजीत म्हणाला होता, यंत्र सुरू कर असं कप्तानाने 'इंडिकेट' केलं.

सुन्निवाने नॉर्वेजियनमध्ये सांगितलं होतं, 'आन्तीदेत'. सुचवलं. शब्दकोशात तोही अर्थ होताच. तो तोंडातून निसटला की आपण निवडला, तिचं तिलाच सांगता येईना.

"नुसतं सुचवलं," कप्तानाचा वकील ताडकन उठला. "म्हणजे हुकूम नव्हता. यंत्र याने स्वतःच्या मनाने चालवलं!"

एबो भांबावून सगळ्यांचे चेहरे बघत होता. "बाई, काय झालं? माझं काही चुकलं का?"

सुन्निवाने न्यायाधीशांकडे पाहिलं. "याला एक विचारू?"

"विचारा."

"एबो, कप्तानाने काय केलं ते करून दाखव."

एबोने हात उंच उचलला आणि झटक्यात खाली आणला.

 वर्गात आज्ञार्थ शिकवताना सुन्निवा मुलांना सांगायची, यात विनंती नसते, 'जमलं तर बघ' नसतं. त्या हातात 'सुरू केलंस तर बरं' नव्हतं. नुसतं 'कर' होतं.

एइविंद तिच्याकडे एकटक बघत होता.

"माझा मघाचा शब्द चुकला," ती म्हणाली. "सुचवलं नाही. 'गा ताइन'. खूण केली. यंत्र सुरू करण्याची."

मधली सुट्टी झाली. बाहेर एइविंदने तिला गाठलं. "एका शब्दाने बुडवलंस मला, सुन्निवा."

"तो शब्द त्याचा होता, एइविंद. माझा होता तो मी मागे घेतला."

तो निघून गेला. गावची मंडळी कॉफीचे पेले घेऊन पलीकडच्या खिडकीशी सरकली. सुन्निवा रिकाम्या बाकावर बसली. डबा उघडून तिने तपकिरी चीज लावलेला पाव काढला आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मग पाव गुंडाळलेला कागद नीट चौकोनी घडी करून पिशवीत ठेवला आणि पुकारा होताच आत गेली.