ढोल्याची गादी

गादीवाल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला आधी गादीवर आडवं व्हावं लागे. मग गादीवाले त्याच्या कमरेखालून तळहात सरकवून बघत आणि हात सहज गेला की मान हलवत, "ही नाही चालायची तुम्हाला." या हाताने आपण अर्ध्या गावाची पाठदुखी घालवली, असं ते स्वतःच सांगत. असा माणूस एका कुत्र्यापुढे हात टेकेल असं कुणाला वाटलं असतं!

कुत्रा त्यांच्या धाकट्या बहिणीचा. नाव ढोल्या आणि अंगाने नावाला जागणारा. वय झालेलं, मागचे सांधे आखडलेले. बहिणीची लांब बदली झाली होती आणि नव्या घरमालकाला कुत्रा चालणार नव्हता. ढोल्याला सोडायला आली तेव्हाच तिने बजावलं होतं, "दादा, त्याला तुझ्याकडे चैन पडली तरच ठेवीन. फरशीवर कण्हत पडणार असेल तर ऑफिसातले एकजण न्यायला तयार आहेत. शनिवारी येते, बघते नि ठरवते."

गादीवाल्यांना ढोल्या हवा होता, अगदी मनापासून. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून घरात दोनच माणसं उरली होती आणि "वाढू का?" "वाढ" यापलीकडे बोलणं जात नव्हतं. ढोल्या आला त्या दिवशी त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसला आणि त्याला काय खायला घालायचं यावरून नवराबायको संध्याकाळभर भांडले. त्या भांडणाने गादीवाल्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तर गादी. पहिली त्यांनी कापसाची केली, चांगली पिंजून, कडांना जाड शिवण घालून. ढोल्याने एक पाय ठेवला, चटका बसावा तसा उचलला आणि फरशीवर जाऊन पडला. "मऊ झाली," गादीवाले म्हणाले. मग फोमची केली. तिचीही तीच गत. शेवटी रीतसर माप घ्यायचं म्हणून त्यांनी कुत्र्याच्या कमरेखालून तळहात सरकवला. ढोल्याला वाटलं, लाड चाललेत. तो चारी पाय वर करून उताणा झाला.

"अहो, माणसांच्या गाद्या करता तेवढं पुरे," बायको हसून म्हणाली. "त्याला तुमचं दुकान पसंत नाही."

हसू गादीवाल्यांनाही आलं. शनिवार उजाडला तरी ढोल्या फरशीवरच होता आणि उठताना कण्हत होता. दुपारी दुकान नोकरावर सोपवून ते घरी आले आणि त्याच्या शेजारीच फतकल मारून बसले. बसताना कोपर गादीवर टेकलं. ढोल्याचा कान ताठ झाला. कोपर उचललं, कान पडला. पुन्हा टेकलं, पुन्हा ताठ. गादीवाल्यांनी श्वास रोखून कोपर जरा दाबलं, आणि मग त्यांनाही ऐकू आलं. चर्र!

खोळीच्या आत प्लास्टिक होतं. असणारच. दुकानात माल प्लास्टिकमध्ये ठेवावा लागतो, डाग पडला की तो कोण घेतो? तीच शिस्त गादीवाल्यांनी घरीही लावली होती. सोफ्यावर प्लास्टिक, पलंगावर चादरीखाली प्लास्टिक, खुर्च्यांनाही प्लास्टिक. गिऱ्हाइकाला मात्र ते आवर्जून सांगत, घरी गेल्यावर पहिल्यांदा प्लास्टिक काढा.

"अगं, आवाज येतोय!" ते ओरडले. "प्लास्टिकचा! म्हणून बसत नाही तो!"

बायको हात पुसत बाहेर आली. "येतोय का? आज येतोय? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात म्हटलं होतं मी, सोफ्यावरचं तेवढं काढा, दुपारची झोप लागत नाही. तर म्हणालात, कसला आवाज, तुझे कान वाजतात. माझं इतकी वर्षं ऐकू आलं नाही आणि कुत्र्याने कान हलवला तर लगेच?"

गादीवाले उठले. त्यांनी कात्री आणली आणि सोफ्याकडे वळले.

"अहो, तिकडे कुठे? आधी त्याची गादी! वन्सं येतील आता!"

"तुझा नंबर आधीचा आहे," ते म्हणाले, आणि कात्री चालवली.

प्लास्टिक निघालं. खालचं कापड निळं निघालं. धुरकटलेल्या प्लास्टिकमुळे इतकी वर्षं दोघंही सोफा राखाडी समजत होते. बायको आधी नुसती टेकली, मग कापडावरून हात फिरवला, मग हळूच पाय वर घेतले. तोवर गादीवाले ढोल्याची खोळ उसवायला बसलेही होते.

बहीण आली तेव्हा त्यांनी बेल वाजायच्या आत दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत ढोल्या गादीवर वेटोळं करून घोरत होता. सोफ्यावर वहिनी कुशीवर झोपली होती आणि तिचा हात खाली लोंबून त्याच्या पाठीवर विसावला होता.

बहिणीचे डोळे भरून आले. "दादा, ठरलं," ती म्हणाली. "ढोल्या तुझा."

"हळू बोल," गादीवाले कुजबुजले. "दोघांनाही आत्ता कुठे डोळा लागलाय."