तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

तापल्या तव्यावर जव तडतडावेत, तसे आईच्या काळजाचे ठोके पडत. कधी एकावर एक चार, कधी बराच वेळ एकही नाही. चढण लागली की ती भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "थांब गं झिनाश, आतली माणसं भांडतायत."

गोंदर शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टर मुलुअलेमनी ठरवलं, गुंगी देऊन छातीवर विजेचा एक झटका द्यायचा आणि ठोके ताळ्यावर आणायचे. पण त्याआधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, एकदाही न चुकता.

झटक्याच्या दिवशी आईला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. "उपास होय?" ती नर्सला म्हणाली. "अर्धं आयुष्य त्यातच गेलं आमचं. जरा अवघड काहीतरी सांगा."

डॉक्टर आले. "आई, गोळी चुकली नाही ना?"

"नाही रे लेकरा." आणि तिने पांढऱ्या शालीचा काठ कपाळावर ओढून घेतला.

मग अब्बा गेब्रेयेस आले. ते चर्चचे पाद्री, आमच्या घराचे आत्म्याचे वडील. आईचं लग्न, आमचे बाप्तिस्मे, बाबांची माती, सगळं त्यांच्याच हातचं. जिवावरच्या कामाआधी त्यांच्या कानात मन मोकळं केल्याशिवाय आई खाटेवर आडवी होणार नव्हती. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आई कुजबुजत होती, अब्बांच्या हातातली चवरी माश्या हाकत होती. मधेच ती चवरी थांबली.

आईने क्रॉसचं चुंबन घ्यायला तोंड वर केलं. अब्बांनी क्रॉस पाठीमागे लपवला.

"अब्बा!"

"काय अब्बा? देवाला सांगितलंस, देवाने ऐकलं. पण ते यंत्र देव नाही चालवत, तो पोरगा चालवतो. त्याला सांग."

"त्याच्यापुढे माझी लाज जाईल."

"जाईल तशी येईल परत. तू गेलीस तर कोण येणार? आणि ऐक, तू मेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी यायचा नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

मी घाबरून विचारलं, "अब्बा, झालंय काय?"

"कबुलीत कानावर आलेलं माझ्या तोंडून राजासुद्धा काढू शकत नाही, पोरी. तुझ्या आईला तोंड आहे."

आईने मान खाली घालून डॉक्टरांना बोलावणं धाडलं. आजार उतरावा म्हणून ती आठवडाभर पहाटे डोंगरावरच्या तीर्थाला जात होती, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की तिथल्या रांगेतल्या बायका म्हणाल्या होत्या, तीर्थ घेताना गोळ्या घेऊ नयेत, तीर्थ रागावतं. तो आख्खा आठवडा आईच्या गोळ्या उशाखाली राहिल्या.

मला वाटलं, आता डॉक्टर कडाडणार. ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"आई, काळीज असं थरथरतं तेव्हा रक्त पुरतं फिरत नाही. कोपऱ्यात साचतं, दह्यासारखं विरजतं, गाठ होते. आज झटका देऊन काळीज नीट चालायला लागलं असतं आणि त्या जोराने गाठ सुटून कदाचित मेंदूत गेली असती."

"कदाचित ना?"

"कदाचित. पण त्या कदाचितवर मी तुमचे हातपाय आणि तुमची ही वाचा पणाला लावणार नाही. पुन्हा तीन आठवडे गोळी, मग झटका." ते उठले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून वाकले. "सांगितलंत, फार उपकार झाले माझ्यावर."

आई रडायला लागली. अब्बांनी क्रॉस पुढे केला. "आणि तीर्थ रागावतं म्हणून कोणी सांगितलं तुला? माझी रक्तदाबाची गोळी मी रोज त्याच पाण्याबरोबर गिळतो. अजून तरी मला काही बोललं नाही ते."

त्या दिवसापासून आई तांब्याच्या वाटीत तीर्थ घ्यायची, जिभेवर गोळी ठेवायची आणि गुणगुणायची,

डोंगराच्या पाण्या, हळू हळू वाहा,
माझ्या काळजाचा ठोका एकदा पाहा.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सगळं पुन्हा उलगडून सांगितलं. कातडी लाल होईल. ठोके क्षणभर आणखी भरकटू शकतात, त्याचीही तयारी आहे. दुखणं परत येऊ शकतं, आणि झटक्यानंतरही गोळी सोडायची नाही. आईने यावेळी शाल कपाळावर ओढली नाही. "एकही नाही चुकली," ती म्हणाली, आणि मला साक्षीला उभं केलं.

मी दाराबाहेर होते. शेजारी अब्बा माळ ओढत होते. आत बोलावलं तेव्हा आई पेंगुळलेल्या आवाजात विचारत होती, "मग, देताय कधी झटका?"

"दिला की!" डॉक्टर हसले.

पडद्यावर ठोके एकामागून एक चालले होते, बाजाराहून परतणाऱ्या बायांच्या ओळीसारखे. छातीवर तेवढा एक लाल चौकोन उमटला होता. आईने तो चाचपला. "तव्यावर इंजेरा भाकरी भाजताना याहून जास्त पोळलेय मी."

घरी कॉफीची पहिली वाफ निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या पेल्याला, आशीर्वादाच्या पेल्याला, आईने डॉक्टरांचं नाव घेतलं, मग अब्बांचं. मग म्हणाली, "त्या रांगेतल्या बायांनाही सुख लाभो. वाईट मनाने नव्हत्या बोलल्या."

पुढच्या रविवारी ती पुन्हा तीर्थाला निघाली. गोळ्यांचं पाकीट शालीच्या टोकाला बांधलेलं. चढणीवर मी सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आत कोणी भांडत नव्हतं. रांगेत पोचताच तिने गाठ सोडली, पाकीट उंच धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बायांनो, सकाळची गोळी कोणाकोणाची राहिलीय?"