मिटलेल्या मुठी

टोळ घरी येऊन एवढंच म्हणाली होती, "आजी, मला सिनेमात घेतलं." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण आजी तोवर जिना उतरून खालच्या बेकरीवालीला सांगत होती, की आमची नात सिनेमात हिरॉइन झाली, आता पाव न्यायला दुसरं कोणीतरी येईल.

राहिलेलं वाक्य असं होतं. सिनेमा बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका पोरीचा, आणि गाण्यांनी खच्चून भरलेला. गाणारी, रडणारी, चेहरा दाखवणारी नटी वेगळीच. तिला बर्फावर धड उभं राहता येईना. म्हणून धावायचं, गर्रकन वळायचं, कठड्यावर आपटायचं ते सगळं टोळनं, डोक्यावर हेल्मेट चढवून.

टोळ हे नाव आजीनंच ठेवलेलं. लांबच लांब तंगड्या आणि एका जागी टेकेल तर शपथ.

सिनेमा लागेपर्यंत टोळनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण आजी बोलायला लागली की मधे सुईसुद्धा शिरत नसे, आणि आजी बोलायची थांबतच नव्हती. गल्लीभर झालं. बेकरीवाली, तिचा नवरा, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना आजीनं स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. आता थिएटरात ही मंडळी आजीला हसणार, आणि तेही आपल्यापायी, हे टोळला आधीच दिसत होतं.

थिएटरच्या दारात तिनं शेवटचा जोर केला. "आजी, ऐक ना. मी त्यात फारशी दिसत नाही."

"दिसत नाहीस?" आजीनं ठेवणीतल्या कोटाची बटणं लावली. "रोज काळीनिळी होऊन घरी येत होतीस, ती काय न दिसायला? चल, उगाच लाजू नकोस."

अंधार झाला. पडद्यावर बर्फ पांढराशुभ्र उजळला, वाद्यं वाजली आणि निळ्या जर्सीतली एक पोर हेल्मेट घालून बाणासारखी सुटली. आजीचं कोपर टोळच्या बरगडीत बसलं. "तंगड्याच सांगतात," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली.

पोरीनं गोल मारला, थांबली, हेल्मेट काढलं. आतून मऊसूत केस बाहेर पडले, मोठाले डोळे, गुलाबी गाल. ती गाऊ लागली.

मग बेकरीवाली वाकून म्हणाली, "आजी, मी रोज हिला पाव देते, पण अशी दिसते हे मला आजच कळलं."

तिचा नवरा खुसखुसला. डॉक्टरनं खोकल्याचं निमित्त केलं. टोळ खुर्चीत इतकी खाली घसरली की गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. "आजी, मी सांगणार होते. माझं फक्त बर्फावरचं..."

"गप्प. मला बघू दे."

आजीची उभी हयात बर्फाच्या रिंकवर गेली होती, पात्यांचे बूट, म्हणजे स्केट, भाड्यानं द्यायच्या खिडकीत. टोळ रांगत होती तेव्हा त्याच खिडकीखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात बसायची. तिला आजीनं पहिली गोष्ट शिकवली ती उभं राहायची नव्हे, पडायची. पडशील तेव्हा मूठ मिटून पड. मागून येणाऱ्याच्या पात्याला बर्फ काय आणि तुझी बोटं काय, सारखंच. ते पोरीच्या अंगात असं मुरलं होतं की घरात पाय घसरला तरी ती मुठी आवळूनच पडायची.

पडद्यावर पुन्हा सामना सुरू झाला. निळी जर्सी कठड्यावर आदळली, खाली गेली. दोन्ही मुठी घट्ट.

"हे आमचं," आजी म्हणाली.

लगेच नटीचा चेहरा जवळून दिसला. बर्फावर आडवी, डोळ्यांत पाणी, पंजा मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरलेला.

"हे परकं."

मागून कोणीतरी शूः केलं. आजीनं मान वळवून असं काही पाहिलं की त्याचा शूः तिथंच विरला. पुढच्या गाण्यात तीनदा "आमचं" झालं, एकदा "परकं". त्यापुढच्या वेळी बेकरीवालीच पुटपुटली, "मुठी मिटल्यात. आमचं." तिचा नवरा म्हणाला, "छे, परकं." मग हेल्मेटवालीच निघाली आणि त्याला बायकोचा चिमटा मिळाला. मध्यंतरात मागचा शूःवाला पुढं वाकला आणि अदबीनं विचारता झाला, "आजी, ते उलटं घसरत गेली, ते कोणाचं हो?"

"विचारायचं काय त्यात," आजी म्हणाली.

टोळ हळूहळू खुर्चीत सरळ बसली.

शेवटचं गाणं आलं. हेल्मेट नाही, चेहरा समोर, नटीच. ती धावत आली, अडखळली आणि पडली. मुठी मिटलेल्या.

सगळी रांग आजीकडं बघू लागली. आजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती नटीच आहे," टोळ म्हणाली. "मीच शिकवलं. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी नुसत्या पडत बसायचो. ती बोटं पसरून पडायची ना, मला बघवायचं नाही."

"रडली का?"

"खूप. पण सोडलं नाही."

आजीनं पडद्यावरच्या त्या गुलाबी गालांकडं पाहिलं.

"मग तेही आमचंच," ती म्हणाली, आणि दिवे लागायच्या आत बेकरीवालीकडं वळली. "उद्या पाव न्यायला हीच येईल. नीट भाजलेले दे. पोरगी दमलीय."