डेपोचा गुरुवार

सोमवारी सकाळी टाइमकीपर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून तयार झाले. दाराची कडीही काढली. मग कडी परत लावली, खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. चाचणी मंगळवारी होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती परदेशात, तिच्याकडे अजून रात्र होती.

"बाबा, बूट काढा."

"काढतोच आहे."

"म्हणजे घातले होते! मला माहीतच होतं. आज कुठेही जायचं नाही. उद्या सकाळी चाचणी, उद्या म्हणजे उद्या. तास मोजायचे, दिवस नाही."

"मोजलेत गं."

"परत मोजा," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "चहा घेतलात का?"

टाइमकीपर हे काही त्यांचं नाव नव्हे. पण बस डेपोत उभी नोकरी त्याच खुर्चीवर झाली, तेव्हा घरी-दारी तेच चिकटलं. कुठली गाडी कधी सुटली, कधी आली, कोण किती उशिरा उगवला, याचा हिशेब त्यांच्याकडे. त्यांना स्वतःला मात्र कधी उशीर झाला नाही. लग्नाला बोलावलं तर हे मांडव घालणाऱ्यांच्या आधी हजर. डॉक्टरकडे गेले तर कंपाउंडर झाडू मारत असायचा. बायको म्हणायची, "आमचे हे जन्मालासुद्धा आदल्या दिवशी आले असणार. सुईण यायच्या आत." आणि स्वतःच खदखदून हसायची.

तिच्या हसण्याला धरबंध नव्हता. नवऱ्याची चेष्टा हा तिचा रोजचा उद्योग. चहात साखर कमी पडली तर, "घाईत घातली, तुमची संगत." पाय मुरगळला तर, "तुमच्या मागून पळताना." टाइमकीपर वरवर चिडायचे, पण एखादा दिवस टोमण्याशिवाय गेला की विचारायचे, "बरं वाटत नाही का तुला?"

सव्वा वर्षापूर्वी मुलीचे दिवस भरत आले होते. जावई एकटा, साथ चालू, तिकडे ओळखीचं कुणी नाही. बायकोने महिनाभर आधीच बॅग भरायला घेतली. बाळासाठी मऊ कापडाच्या टोप्या, पायमोजे, दुपटी, सगळं स्वतःच्या हाताने शिवलेलं. "नात झाली की पहिली मी घेणार," ती म्हणायची. "तुम्ही दाराशी घड्याळ बघत उभे राहा."

विमानाला नियम होता. निघायच्या आधीच्या बहात्तर तासांत चाचणी करायची, रोग नाही असं प्रमाणपत्र दाखवायचं, तरच आत. मुलीने फोनवर दोनदा सांगितलं. "तीन दिवस," टाइमकीपर म्हणाले. "मला शिकवतेस? वेळ पाळण्यात हयात गेली माझी."

विमान रात्री अडीचचं. तिकिटावर शुक्रवार छापलेला.

आता डेपोची एक रीत होती. मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची गाडी आदल्या दिवसाच्या वारावरच धरायची. बारा वाजले म्हणून डेपोत दिवस बदलत नसे. तो बदलायचा पहाटेची पहिली गाडी फाटकातून बाहेर पडली की. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे तसंच बोलायचे. रात्री अडीचची म्हणजे गुरुवारची. टाइमकीपरांच्या हाडात मुरलेली गोष्ट ती. विमान गुरुवारचं, गुरुवारातून तीन दिवस वजा केले की सोमवार. सोमवारी सकाळी चाचणी, की मोकळे.

त्या सोमवारी सकाळी ते असेच बूट घालून उभे होते. बायको खिडकीपाशी शेवटची टोपी शिवत बसली होती.

"अहो, उद्या जाऊ या की. तिकिटावर तर शुक्रवार लिहिलाय."

"अगं, रात्रीचे अडीच म्हणजे गुरुवारच. जन्मभर हेच केलंय मी."

"तुमच्या डेपोत सूर्यही तुम्हाला विचारून उगवायचा वाटतं."

"चेष्टा नंतर कर. उद्या तिथे ही गर्दी होईल. चल, ऊठ."

"एवढी टोपी तरी संपवू द्या. एकच बंद लावायचा राहिलाय."

"विमानात लाव. तिथे काय काम असणार आहे तुला?"

तिने सुई टोपीतच टोचली, टोपी बॅगेत ठेवली आणि चपला शोधायला लागली. ऐकायची ती त्यांचं. वेळेच्या बाबतीत तरी नवरा चुकायचा नाही, एवढं तिने धरलेलं होतं.

विमानतळावर ते नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचले. काउंटर उघडलंसुद्धा नव्हतं. उघडल्यावर पहिला नंबर यांचाच. तोंडावर प्लॅस्टिकचा पडदा लावलेल्या मुलीने कागद पाहिले, परत पाहिले.

"काका, नमुना सोमवारी सकाळी दिलाय."

"हो. तीन दिवस. सोमवार ते गुरुवार."

"आजचं विमान शुक्रवारचं आहे, काका. आणि दिवस नाही धरत. तास धरतात. मंगळवारी दिला असतात तर चाललं असतं."

 भर डेपोत कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं वाटलं नसतं. टाइमकीपर त्या मुलीला डेपोची रीत समजावायला लागले. रात्रीची गाडी, आदला वार. ती बिचारी ऐकून घेत होती. मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय बोलतोय, आणि त्यांनी कागद गोळा केले. तिथेही चाचणी होत होती, पण रिपोर्ट सकाळी आला असता, विमान गेल्यावर.

बायको बाजूच्या बाकावर बॅगेला टेकून बसली होती. मागचे सगळे लोक पुढे सरकून आत गेले. ती बघत राहिली. टाइमकीपर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. आता काहीतरी बोलेल, डेपोवरून, सूर्यावरून, सुइणीवरून. बोलायलाच हवं होतं.

"चला," ती म्हणाली. "घरी जाऊन चहा करते."

जावयाने पुढच्या आठवड्याची तिकिटं काढली. ती हातात पडायच्या आत तिकडच्या सरकारने बाहेरच्यांना दार लावलं. नात झाली. आजीने ती फोनच्या काचेत पाहिली. पहिली घ्यायची राहिली, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरानेही घ्यायची राहिली. दर महिन्याला वाटायचं आता उघडेल, आता उघडेल. बॅग कपाटाशेजारी भरलेलीच होती. टाइमकीपर एकदा म्हणाले, "रिकामी करू का?" तर म्हणाली, "राहू द्या. जायचंच तर आहे."

बाकी चेष्टा चालूच होती. दूध ओतू गेलं त्यावर, त्यांच्या घोरण्यावर, मास्क उलटा लावला त्यावर. त्या रात्रीवर मात्र एक शब्द नाही. टाइमकीपर वाट बघत राहिले. टोमणा आला असता तर ते चिडले असते, दोन शब्द बोलले असते, आणि मग कदाचित म्हणालेही असते, चुकलं गं माझं. टोमणा आला नाही, म्हणून तेही म्हणायचं राहिलं.

थंडी सरता सरता एका सकाळी तिने चहाखालचा गॅस बंद केला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकली आणि उठलीच नाही. साथ नाही, ताप नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. मुलीला येता आलं नाही. तिने आईला शेवटचं पाहिलं तेही फोनच्याच काचेत.

आता दार उघडलं होतं. टाइमकीपर एकटे निघाले होते. लसीचं प्रमाणपत्र काढलं, प्रवासाला प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतला. विमान तेच, रात्री अडीचचं, तिकिटावर शुक्रवार.

सोमवारचा तो दिवस त्यांनी कसाबसा घरात काढला. मंगळवारी लॅबमध्ये पोचले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. आतली मुलगी वाकून म्हणाली, "आजोबा, अजून वेळ आहे."

"असू दे. मी इथे उभा आहे."

आत एक खुर्ची सोडून एका खुर्चीवर फुलीची पट्टी चिकटवलेली होती. मागच्या वेळी बायको पट्टीच्या पलीकडे बसली होती आणि म्हणाली होती, "बघा, सरकारनेच सांगितलंय तुमच्यापासून लांब राहायला." टाइमकीपर त्याच रांगेत बसले. मुलीने कॉम्प्युटरवर त्यांचा फोन नंबर घातला.

"या नंबरवर आणखी एक नाव दिसतंय. स्त्री, वय पासष्ट. त्यांचीही चाचणी करायची आहे का?"

"नाही."

"मग काढून टाकू नाव?"

टाइमकीपरांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनाच ठाऊक नव्हतं. "राहू दे," ते शेवटी म्हणाले. "काही अडत नसेल तर राहू दे."

"अडत काही नाही," मुलगी म्हणाली.

आत नमुना घेणाऱ्याने लांब काडी नाकात घातली. "डोळ्यांत पाणी येईल आजोबा, सगळ्यांच्याच येतं. लगेच थांबतं." पाणी आलं. लगेच काही थांबलं नाही. त्याने कागदी रुमाल पुढे केला आणि बाटलीवरची चिठ्ठी नीट करत बसला, बराच वेळ.

रिपोर्ट आला. रोग नव्हता. गुरुवारी संध्याकाळी निघायच्या आधी टाइमकीपरांनी मुलीला फोन लावला. वार सांगितला, वेळ सांगितली. मग म्हणाले, "एक विचारू? तुझी आई त्या रात्रीबद्दल तुझ्याशी कधी काही बोलली का? माझ्या चुकीबद्दल?"

 मागे पोर काहीतरी आपटत होतं.

"दुसऱ्या दिवशी फोन केला होता तिने. म्हणाली, त्यांना यावरून काही बोलू नकोस. चेष्टेतसुद्धा नको. खचतील म्हणाली."

"अस्सं."

"बाबा?"

"अगं, बोलायला हवं होतं तिने," टाइमकीपर म्हणाले. "एकदा तरी." आणि टॅक्सी आली नसतानाच म्हणाले, "टॅक्सी आली. ठेवतो."

विमानतळावर काउंटर अजून उघडायचं होतं. उघडलं तेव्हा पहिला नंबर त्यांचाच. या वेळी एक चष्मेवाला माणूस होता. त्याने प्रमाणपत्रावर बोट फिरवलं. "नमुना मंगळवार सकाळ. ठीक." तेवढंच. शिक्का मारून कागद परत.

"झालं?" टाइमकीपरांनी विचारलं.

"झालं की. सामान ठेवा वर. बॅगा तुम्ही स्वतः भरल्यात ना?"

ही तर सगळ्यांना विचारायची गोष्ट. लोक मान हलवतात आणि पुढे जातात. पण टाइमकीपरांनी उभ्या नोकरीत खोटी वेळ सांगितली नव्हती.

"ही मी भरली. ती बायकोने."

"त्या कुठे आहेत?"

"नाहीत आता."

चष्मेवाला ओशाळला. "मग आत काय आहे, बघितलंत का तुम्ही?"

"नाही. उघडली नाही कधी."

"काका, तसं चालत नाही हो. एकदा बाजूला घेऊन उघडून बघा, आणि परत भरा. मग तुम्हीच भरली असं होईल. वेळ आहे ना?"

"वेळ आहे," टाइमकीपर म्हणाले. "भरपूर आहे."

बाक तोच होता. त्यांनी बॅग बाकावर ठेवून चेन ओढली. वर दुपटी, त्यांच्या घड्या इतक्या सरळ की उलगडायला हात होईना. तरी एकेक काढून बाजूला ठेवलं. पायमोजे अंगठ्याएवढे. नात आता घरभर पळते. यातलं काहीही तिला होणार नव्हतं. टोप्या एकात एक घातलेल्या होत्या. सगळ्यात आतली हाताला लागली आणि बोटाला काहीतरी टोचलं.

एका बाजूचा बंद लावलेला होता. दुसरा बंद अर्धा लावून सुई कापडात खोचून ठेवलेली, मागे दोरा लोंबत होता. सुईला गंज चढला होता आणि टोपीवर तिचा एक तांबूस डाग उमटला होता. वेळ लागला असता तो किती? चहा उकळतो तेवढा.

मागे रांग वाढत होती. लोक कागद चाळत होते, तारखा पुन्हा पुन्हा वाचत होते. टाइमकीपरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सुई हातात धरून पाहिली. त्यांना दोरा ओवायलाही येत नव्हता. ते काम घरात कधी त्यांच्यावर आलंच नव्हतं. त्यांनी सुई होती तिथेच परत खोचली, त्याच भोकात. मग सगळं पुन्हा भरायला घेतलं. घड्या काही तशा जमल्या नाहीत.

काउंटरवर चष्मेवाल्याने विचारलं, "भरलीत?"

"भरली," टाइमकीपर म्हणाले. "मला उशीरच झाला जरा."