उजव्या हाताचा दांडा

ड्रिल मशीनच्या आवाजात त्याला फोन ऐकूच गेला नाही. शेवटी मुलीनेच आत येऊन बटण बंद केलं. इस्पितळातून ती तशीच आली होती, पायांत चपला. तो बाथरूममध्ये कमोडसमोर उभा होता. भुवयांवर फरशीचा पांढरा भुगा.

“लाव ते बटण. शेवटचं भोक राहिलंय. सोमवारी आणायचीय ना तिला?”

“बाबा, आई गेली.”

त्याने स्वतःच बटण लावून भोक पाडलं, स्क्रू पिळला. स्टीलच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. दांडा हलला नाही. मुलगी दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही.

बायकोची डावी बाजू गेली तेव्हापासून तो घराच्या मागे हात धुऊन लागला होता. दारातली पायरी फोडून उतार केला. पाय अडकू नये म्हणून पायपुसणी उचलली. पलंगाखाली ठोकळे सरकवून तो उंच केला. रोज संध्याकाळी इस्पितळात जाऊन तिला सगळं सांगायचा.

“अहो, डावं-उजवं तेवढं बघा,” ती म्हणायची. शब्द जड यायचे, पण टोमणा नेमका बसायचा.

स्कूटरवर ती ‘उजवीकडे’ म्हणाली की हा खुशाल डावीकडे वळायचा. मग तिने सांगणंच सोडलं. जिकडे वळायचं, त्या खांद्यावर मागून टपली मारायची.

माणसं येऊन गेली. मुलगी तेवढी मागे राहिली. एके दुपारी कमोडवरून उठताना त्याचा गुडघा धरला. त्याने आधारासाठी उजवा हात पुढे केला. हाताला नुसती गार फरशी लागली. दांडा डावीकडे होता. खुणा करताना तो कमोडमागच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. ती तर त्या भिंतीकडे पाठ करून बसणार होती.

भिंतीला रेटा देऊन तो उठला. मग स्वयंपाकघरात आला.

“दांडा उलट्या बाजूला बसलाय.”

भांडी विसळणारा मुलीचा हात थांबला.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी दिसलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही स्क्रू पिळत होतात, बाबा.”

त्याने ओट्याची कड धरली.

“पहिल्याच दिवशी पडली असती गं ती.”

“पडते कसली! बसायच्या आधीच तुमची हजेरी घेतली असती.”

तो हसला. हसू मध्येच अडकलं, तेव्हा त्याने हाताला लागलेलं फडकं तोंडावर धरलं. मुलीने नळ चालूच ठेवला.

“काढून टाकू या का तो?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“काढायचा नाही. हलवायचा.”

“आता कुणासाठी, बाबा?”

त्याने खणातून पेन्सिल घेतली. या वेळी तो आधी कमोडवर बसला, मग उजवा हात लांब केला. खूण करण्याआधी सवयीने त्याने एकदा खांद्यावरून मागे पाहिलं.

मुलगी तिच्या घरी गेली. उजव्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. भोकं पाडायची राहिली आहेत.