काठावरची मावशी

भाचीने तो फ्लॅट भाड्याने घेतला तो निव्वळ स्विमिंग पूलसाठी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मान मोडून बसल्यावर संध्याकाळी पाण्यात डुंबायचं, एवढीच तिची हौस. समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण बंदरातल्या बोटींचं तेल किनाऱ्यापर्यंत यायचं. म्हणून खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खिडकीचे गज, स्वयंपाकघरातली ओल, सगळ्याकडे काणाडोळा करून तिने करारावर सही ठोकली आणि सोबतीला मावशीला घेऊन आली. मावशी बस-स्थानकावर माइकवरून घोषणा करायच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाली होती.

पहिल्याच संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींनी भाचीला पूलच्या काठावर अडवलं.

"पूल फक्त घरमालकांसाठी आहे. भाडेकरूंनी पाण्यात उतरायचं नाही."

"पण एजंट म्हणाला होता, पूल आहे!"

"आहेच की. तुमच्या खिडकीतून छान दिसतो."

भाची तोंड पाडून वर आली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काठावर बसायला मनाई आहे का?"

"बसायला कशी असेल?"

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मावशी काठावर खुर्ची टाकून बसली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, पांढरी टोपी, शिवाय गळ्यात शिटी. शिटी कशाला विचारलं, तर म्हणे शोभते.

पाण्यात एकच बाई होत्या, उथळ भागातली दांडी गच्च धरून उभ्या. सेक्रेटरींच्या पत्नी. मावशीने बराच वेळ तोंड आवरलं, मग तिला राहवेना.

"अहो बाई, सोडा ती दांडी! पळून नाही जायची! पाय मारा, पाय!"

तो आवाज ऐकून वरच्या खिडक्या उघडल्या. बाईंनी घाबरून दांडी सोडली, पाय मारले, आणि त्या चक्क तरंगल्या.

"तुम्ही नवीन शिक्षिका का?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "उद्या याच वेळेला या." खोटं असं एक अक्षरही ती बोलली नाही.

हळूहळू इमारतीतल्या आणखी बायका यायला लागल्या. जेवताना भाची हात कसे फिरवायचे, श्वास कधी घ्यायचा ते समजावून सांगायची. संध्याकाळी मावशी तेच काठावरून ओरडून सांगायची.

"मावशी, तुला स्वतःला पोहता कुठे येतं?" भाची एकदा काळजीने म्हणाली.

"मला बस तरी कुठे चालवता येते? तरी सगळ्या गाड्या माझ्याच शब्दावर सुटायच्या ना!"

एके दिवशी सेक्रेटरी बायकोची प्रगती बघायला आले. खूश झाले. आभार मानता मानता त्यांनी विचारलं, "आपण राहता कुठे?" मावशीने फ्लॅट सांगितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे भाडेकरू! आणि शिक्षिका म्हणवता? पोहून दाखवा बघू!"

सगळ्या बायका बघायला लागल्या. मावशी रुबाबात उठली, काहीतरी बाणेदार बोलायला एक पाऊल मागे सरली, ओल्या फरशीवरून घसरली आणि धपकन खोल पाण्यात गेली.

सेक्रेटरी नुसतेच "अरे, अरे" करत राहिले. त्यांच्या बायकोने मात्र सूर मारला, मावशीचा दंड पकडला आणि तिला ओढत काठाला आणलं.

खोकून खोकून मावशीने पाणी बाहेर काढलं. सेक्रेटरी ओरडले, "यांना पोहता येत नाही! ही शुद्ध फसवणूक आहे!"

"पण मला येतं ना आता," बाई म्हणाल्या. "तुम्ही इतकी वर्षं शिकवत होतात, तेव्हा मी दांडीसुद्धा सोडली नव्हती. तो भाडेकरूंचा नियम आजच काढा. नाहीतर उद्यापासून मी समुद्रात पोहायला जाईन."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी खाली बघून घसा खाकरला आणि नियम रद्द केला.

त्याच संध्याकाळी भाचीने पाण्यात उडी घेतली. मनसोक्त पोहून ती काठाशी आली, तेव्हा मावशी टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसली होती.

"घाबरली होतीस?"

"घाबरले की गं. पायाखाली काहीच लागेना." मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "उद्या मला शिकव. पण या बायका घरी गेल्यावर हं!"