मतदानाच्या दिवशीचं टेबल

मी एक टेबल बोलतोय. माझ्यावर कोणी अभ्यास करत नाही, जेवत नाही. मतदानाच्या दिवशी शाळेपासून थोडं अंतर राखून रस्त्याच्या कडेला जे टेबल मांडतात, ज्याच्यामागे एक माणूस यादी घेऊन बसतो आणि येणाऱ्याचं नाव शोधून त्याला चिठ्ठी देतो, ते टेबल मी. बेळगावच्या वडगाव भागात सगळे मला ‘अण्णांचं टेबल’ म्हणतात. चार-पाच वर्षांतून एखाद-दुसरा दिवस मी रस्त्यावर जायचो. एरवी घरात पिशव्या, डबे आणि औषधांच्या बाटल्या सांभाळत पडून असायचो. पण त्या एका दिवसाचा मला भारी तोरा होता.

मूळचा मी माग आहे. अण्णा म्हणजे आण्णाप्पा. त्यांचे वडील आणि आजोबा हातमागावर साड्या विणायचे, घरातल्या खड्ड्यात पाय सोडून, दिवसभर धोटा इकडून तिकडे फेकत. पुढे गल्लीत पॉवरलूम आले. घराघरांतून खटखट सुरू झाली आणि हातमागाची साडी मागे पडली. मग अण्णांनीही खड्डा बुजवला, पॉवरलूम टाकले आणि मागाचं सागवान चुलीत जाऊ नये म्हणून सुताराकडे दिलं. चौकटीचे खांब माझे पाय झाले. विणकर बसायचा ती फळी माझ्या पाठीवर मधोमध बसवली. दोन पिढ्यांच्या बसण्याने ती इतकी गुळगुळीत झालीय की तिच्यावर कागद ठरत नाही. म्हणून अण्णा चिठ्ठ्यांवर एक जुना धोटा ठेवायचे.

अण्णा समितीचे. आमच्याकडे एवढं म्हटलं की पुरतं, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी बोलणारा मुलूख कर्नाटकात राहिला. तो महाराष्ट्रात जावा म्हणून जी माणसं हट्टाने उभी राहिली, त्यांची ही समिती. अण्णांचा जिवलग मित्र तम्मण्णा समोरच्याच घरात राहायचा, तोही विणकर. एकाच आंदोलनात दोघांनी लाठ्या खाल्ल्या आणि हिंडलग्याच्या तुरुंगात एका ताटात जेवले. मतदानाच्या दिवशी मला एका बाजूने अण्णा आणि दुसऱ्या बाजूने तम्मण्णा उचलायचे. कोपऱ्यावर नेऊन ठेवायचे, भगवं कापड अंथरायचे आणि खुर्च्या जोडून बसायचे.

काय दिवस होते ते! बायका घोळक्याने यायच्या. “अण्णा, माझं नाव बघा की,” म्हणत माझ्यावर रेलायच्या. बाकीच्या पक्षांचीही टेबलं असायची, पण त्यांच्यामागचा माणूस दुपारपर्यंत पेंगायला लागायचा. अण्णांची बायको गुणाबाई चहाची किटली घेऊन आल्या की त्यालाही एक कप द्यायच्या. आपण जिंकणार हे ठाऊक असलं की माणसाचा हात सढळ होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी तम्मण्णालाही घालून दिला होता.

“टेबलावर बसून मत मागायचं न्हाय. नाव बघायचं, चिठ्ठी द्यायची. कुणाला देणार म्हणून इचारायचं तर न्हायच न्हाय. आपल्याच माणसाला इचारणं म्हंजे त्याचा अपमान करणं हाय.”

एका निवडणुकीत संध्याकाळी कापडाची घडी घालताना त्यांनी आपल्या मुलाला, जयवंताला, जवळ बोलावलं. तो तेव्हा शाळेत होता. अण्णांनी त्याचा हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाले, “मी असू दे नायतर नसू दे, ह्या टेबलावर दुसरं कापड पडता कामा न्हाय. काय?”

“न्हाय पडणार, आप्पा,” जयवंता म्हणाला.

शाळकरी पोराचा शब्द तो. पण अण्णा पुढे त्या शब्दाच्या भरवशावर राहिले, आणि खरं सांगायचं तर मीही राहिलो.

आता लोक विचारतात, समितीचा एवढा मुलूख फिरला कसा? बाहेरून कोणी येऊन फिरवला असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी कोपऱ्यावर उभा होतो. पहिली चीर घरातूनच पडलेली मी बघितली.

एका निवडणुकीच्या वर्षी समितीत दोन गट झाले. उमेदवार एकच द्यायचा, असं वर्षभर जो तो बोलत होता. अर्ज भरायच्या दिवशी मात्र दोन मिरवणुका निघाल्या आणि दोन्हींत घोषणा त्याच. अण्णा एका गटात राहिले, तम्मण्णा दुसऱ्यात गेला. मतदानाच्या सकाळी तम्मण्णा नेहमीसारखा मला उचलायला आला. कापड कुणाच्या नावाने अंथरायचं, यावरून दारातच जुंपली.

“टेबल तुझं एकट्याचं न्हाय आण्णाप्पा, गल्लीचं हाय,” तम्मण्णा म्हणाला.

“मग माग कुणाचा मोडला रं? गल्लीचा?”

तम्मण्णाने माझ्यावरचा हात काढला. घरी जाऊन पत्र्याचं टेबल आणलं आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर मांडलं. त्याच्यावरही भगवंच कापड. तो पूर्ण दिवस दोघे समोरासमोर बसले आणि एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून दोघेही यादीत डोकं खुपसून होते. येणाऱ्या बायका बावरल्या. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध थांबली. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“एका घरातली दोन ताटं कुठली रं ही? मी कुठं जाऊ?” एवढं म्हणाली आणि मत न देताच माघारी वळली.

निकाल लागला तेव्हा समितीचे दोघेही पडले होते. दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्यापेक्षा जास्त भरत होती. सगळी गल्ली हळहळली, पण मैत्री जोडायला कोणी पुढे आलं नाही. अण्णा आणि तम्मण्णा पुन्हा बोलले नाहीत. तम्मण्णा वारला, त्याची तिरडी आमच्या दारावरून गेली. अण्णा उठले, चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत मागे चालत गेले आणि तिथूनच परत आले. घरी येऊन माझ्यावर कोपरं टेकून खूप वेळ बसले. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली आणि रागही तितकाच आला.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं. माझ्यावर दररोज कायकाय ठेवलं जायचं, त्यावरून मला कळायचं. पॉवरलूमची शेड आता जयवंता बघत होता. सूत महागलं, बाहेरच्या स्वस्त साड्या बाजारात आल्या, आणि माग दिवसातला अर्धा वेळ विजेची वाट बघत उभे राहू लागले. सवलतीचे अर्ज यायचे ते कन्नडमध्ये. अण्णा कन्नड बोलत, पण वाचायला शिकायचं नाही हा त्यांचा हट्ट. जयवंता कचेरीत जायचा आणि “नाळे बा” ऐकून परत यायचा. उद्या ये, उद्या ये. असे किती उद्या गेले.

एक दिवस मोठ्या पक्षाचा एक कार्यकर्ता घरी आला. गोड बोलणारा, आपल्याच गल्लीत वाढलेला, मराठीच. त्याने माझ्यावर बसूनच एक फोन लावला आणि अडलेलं काम झालं. पुढच्या गणपतीला मंडळाच्या मांडवावर त्याच पक्षाच्या नेत्याचा फोटो होता. पोरांना टी-शर्ट मिळाले, झेंडे मिळाले. झेंड्यांचा रंग भगवाच, फक्त कोपऱ्यात छापील चिन्ह. आधी भांडण भाषेचं होतं. आता पोरं धर्माच्या घोषणा देऊ लागली आणि त्या घोषणा द्यायला कन्नड बोलणारी पोरंही शेजारी येऊन उभी राहिली. अण्णांना हे कळेना. कोणावर चिडावं तेच त्यांना कळेना.

“सीमेची केस सुप्रीम कोर्टात हाय. आज ना उद्या निकाल लागंल,” ते म्हणायचे.

“केस कोर्टात हाय आन माग बंद हाईत, आप्पा. आधी काय बघू?” जयवंता विचारायचा.

जयवंताची मुलगी मंजुश्री माझ्यावरच अभ्यास करून कॉलेजात गेली. म्हणजे अभ्यासाचंही टेबल झालोच मी, मघाशी उगाच फुशारकी मारली. सरकारी नोकरीसाठी ती कन्नडची पुस्तकं आणून मोठ्याने वाचायची. अण्णा बाजूच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिने आवाज कधी बारीक केला नाही आणि त्यांनीही कधी तसं सांगितलं नाही.

मग ती निवडणूक आली. सकाळी जयवंताने मला एकट्याने पाठीवर घेतलं आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. पिशवीतून नवं कोरं कापड काढून अंथरलं. भगवं, पण कोपऱ्यात चिन्ह. अण्णा काठी टेकत मागून आले, हातात यादी आणि धोटा घेऊन.

“जयवंता, कापड काढ.”

“आप्पा, रंग तोच हाय की.”

“रंग बघू नगंस. शब्द दिलतास.”

“दिलतो. तवा माग चालत हुते.” जयवंताने कापड ताणून बसवलं. “सूत न्हाय, वीज न्हाय, पोरं मच्छे गावच्या फॅक्टरीत हमाली कराय लागल्यात. तुमच्यातला एक तरी माणूस आला का आमच्या शेडमधी? उमेदवार ठरवाय भांडत बसलासा तुमी दोघं, आन भोगतोय आमी!”

 अण्णांनी एक खुर्ची ओढत रस्त्याच्या पलीकडे नेली. तम्मण्णाचं टेबल जिथे होतं, बरोबर त्या जागी ठेवली आणि मांडीवर यादी घेऊन बसले. समितीकडून बसायला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

त्या दिवशी जे पाहिलं ते मी विसरत नाही. लोक येत होते. आधी अण्णांकडे जात होते, वाकून पाया पडत होते. “अण्णा, बरं हाय न्हवं? तब्येत संभाळा,” म्हणत होते. आणि मग रस्ता ओलांडून चिठ्ठी माझ्याकडून घेत होते. एकानेही त्यांचा अपमान केला नाही. तेच मला जास्त लागलं. माझे पाय तिथेच मोडले असते तर बरं, असं वाटलं.

गुणाबाई दोन कप चहा घेऊन आल्या. एक नवऱ्याला दिला. दुसरा घेऊन मुलाकडे निघाल्या आणि रस्त्याच्या मध्येच थांबल्या, त्या म्हातारीसारख्या. चहा निवेपर्यंत थांबल्या आणि तो रस्त्यात ओतून घरी गेल्या.

दुपारी मंजुश्री आली. तिचं पहिलंच मतदान. जयवंताने तिची चिठ्ठी तयार ठेवली होती, पण ती सरळ पलीकडे गेली.

“आज्जा, माझं नाव बघा की.”

अण्णांचा चेहरा उजळला. यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं. नाव सापडलं. कागदाच्या तुकड्यावर नंबर लिहिला. तो तिच्या हातात देता देता ते थांबले. आणि जन्मात कोणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी नातीला विचारलं.

“कुणाला देणार गं?”

मंजुश्रीने मान खाली घातली. “आज्जा, तुमचं खरं हाय. पण मला इथंच जगायचं हाय न्हवं.”

 अण्णांनी चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

“जा. रांग वाढत्या.”

ती गेल्यावर ते उठले. वारं सुटलं होतं आणि माझ्यावरच्या चिठ्ठ्या गुळगुळीत फळीवरून घसरत होत्या. जयवंता दोन्ही हातांनी त्या दाबत होता. अण्णा रस्ता ओलांडून आले. खिशातून धोटा काढला आणि मुलाच्या चिठ्ठ्यांवर ठेवला.

“उडत्यात,” म्हणाले, आणि घराकडे वळले.

मतदान संपेपर्यंत जयवंता सारखा गल्लीकडे बघत होता. अण्णा मत द्यायला आले नाहीत. शेवटी धोट्याखाली एकच चिठ्ठी उरली, तिच्यावर आण्णाप्पांचं नाव होतं. जयवंताने ती फाडली नाही. माझ्या दोन फळ्यांमधल्या फटीत सरकवली आणि कापडाची घडी घालताना डोळे पुसले.

आज मी शेडमध्ये आहे. काही माग भंगारात गेले, त्यांच्या जागी मी उभा आहे आणि माझ्यावर सुताच्या कांड्यांच्या टोपल्या ठेवतात. तो गोड बोलणारा कार्यकर्ता आता जयवंताचा फोन उचलत नाही. गल्लीतली पोरं आणखी तिसऱ्याच कापडाची भाषा बोलू लागलीत. मंजुश्री अजून परीक्षा देतेय. आणि पक्षाकडून प्लास्टिकची घडीची टेबलं येतात म्हणे, नाव शोधायला मोबाईल असतो. मला आता कोणी कोपऱ्यावर नेणार नाही, याची मला कल्पना आहे.

अण्णा आहेत. दारात बसतात, जुन्या माणसांना रामराम करतात. त्यानंतर निवडणूक आली तेव्हाही ते उठले नाहीत.

अण्णा, तुमच्या मागातून जन्मलो म्हणून हक्काने बोलतो. फटीत तुमची चिठ्ठी अजून आहे. नंबर बदलला असेल, नाव तेच आहे. पुढच्या वेळी काठी घ्या, जयवंताचा हात धरा आणि शाळेपर्यंत जाऊन या. कुणालाही द्या. मी विचारणार नाही.